मेनफ्रेमच्या डिस्क युनिक्सवर माउंट केल्यावर पुन्हा पुन्हा येणारे बिघाड: आधी काय बघायचं, कुठे थांबायचं

"नेटवर्क गेलंय, मेनफ्रेमची डिस्क दिसत नाहीये." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता फोन कानाला लावतानाच दुसऱ्या हाताने टर्मिनल उघडतो. नेटवर्क बहुतेक वेळा धडधाकट असतं. बिघाड असतो तो युनिक्सच्या एका गैरसमजात. पलीकडे आपल्यासारखीच बाइटांची सलग फाइल आहे असं युनिक्स धरून चालतं, आणि तिथे तशी फाइल नसते.

झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून देणारा, सर्व्हर चालू असेल तर लिनक्स, एआयएक्स किंवा कुठल्याही युनिक्सवरून एमव्हीएसचे (झेड/ओएसचंच जुनं नाव) डेटासेट, म्हणजे मेनफ्रेमच्या रेकॉर्डांनी बनलेल्या फाइली, माउंट करता येतात, म्हणजे आपल्याच डिरेक्टरीसारख्या जोडता येतात. पण आपण माउंट करतो ती डिस्क नसते. ३३९० जातीच्या डिस्कच्या एका ट्रॅकवर ५६,६६४ बाइट मावतात, १५ ट्रॅकचा एक सिलिंडर होतो, हे सगळं सर्व्हर आपल्यापासून लपवून ठेवतो. आपल्याला मिळतो एक हाय लेव्हल क्वालिफायर, म्हणजे एचएलक्यू: डेटासेटच्या नावाचा पहिला तुकडा. त्या नावाने सुरू होणारे डेटासेट कितीही व्हॉल्यूमवर (डिस्कवर) विखुरलेले असोत, ते एका डिरेक्टरीत असल्यासारखे दिसतात. पीडीएस, म्हणजे अनेक मेंबर पोटात ठेवणारा डेटासेट, ही सबडिरेक्टरी दिसते, तिचे मेंबर फाइली दिसतात. हा सगळा देखावा आहे आणि देखावा जिथे फाटतो तिथेच तक्रार येते.

कमांडची आणि अ‍ॅट्रिब्यूटची नावं मी उच्चारानुसार लिहिली आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा.

लक्षणं

आपलं दुखणं यातलं कुठलं ते आधी ओळखा. लक्षणाप्रमाणे पुढची वाट बदलते.

- माउंट कमांडच अडकून बसते, किंवा आरपीसी (दूरच्या मशीनला केलेली विनंती) टाइमआउट येतो.
- सकाळी चाललं, जेवून आल्यावर 'परमिशन डिनाइड'.
- शुक्रवारी चाललं, सोमवारी 'स्टेल फाइल हँडल'.
- फाइल उघडली तर ओळीच्या ओळी '@' चिन्हांनी भरलेल्या.
- मजकूर व्यवस्थित दिसतो, पण रकमा चुकतात. सगळ्यांत घातक लक्षण हेच, कारण कुठलाही एरर येत नाही.
- 'एलएस -एल' दिलं की टर्मिनल थिजतं.
- सेव्ह करताना 'इनपुट/आउटपुट एरर'.
- युनिक्सवरून फाइल ठेवल्यानंतर मेनफ्रेमवरचा जॉब अडकून राहतो, किंवा कोबॉल प्रोग्राम फाइल स्टेटस ३९ (फाइलचे गुण अपेक्षेशी जुळत नाहीत) देऊन पडतो.
- 'डीएफ' भरपूर जागा दाखवतं, तरी लिहिता येत नाही.

पहिली तपासणी: माउंट खरंच झालंय का, आणि कसं झालंय

फुकटची तपासणी आहे, एका मिनिटात होते, तरी लोक हीच टाळतात. 'माउंट' कमांड नुसती द्या, किंवा 'एनएफएसस्टॅट -एम' द्या. एनएफएसची कुठली आवृत्ती लागली, टेक्स्ट की बायनरी, हार्ड की सॉफ्ट (उत्तर येईपर्यंत थांबणारं की कंटाळून सोडून देणारं), हे वाचा. मशीन रीबूट झालेलं असतं, माउंट परत लागलेलंच नसतं, आणि लोक रिकाम्या लोकल डिरेक्टरीत फाइली टाकत बसलेले असतात. हे मी स्वतःही केलंय. दोन दिवसांच्या फाइली मेनफ्रेमऐवजी लिनक्सच्या रूट डिस्कवर साठल्या होत्या.

माउंटच लागत नसेल तर 'आरपीसीइन्फो -पी' ला मेनफ्रेमचा पत्ता देऊन बघा. यादीत प्रोग्राम क्रमांक १००००३ म्हणजे एनएफएस आणि १००००५ म्हणजे माउंट सेवा दिसायला हवी. दोन्ही नसतील तर सर्व्हर बंद आहे. यादीच येत नसेल तर पोर्ट १११ वाटेत अडलेला असू शकतो. यादी येते पण माउंट अडकतं, तेव्हा फायरवॉलवाल्यांनी २०४९ उघडून काम झालं असं समजलेलं असतं. आवृत्ती ३ मध्ये माउंट सेवेचा पोर्ट वेगळा असतो, तोही उघडावा लागतो. आवृत्ती ४ ला फायलींसाठी २०४९ पुरतो, पण पुढे ज्या एमव्हीएसलॉगिनबद्दल सांगणार आहे त्याची सेवा तरीही वेगळ्याच पोर्टवर असते. म्हणून 'माउंट झालं, लॉगिन लटकलं' असा अर्धवट प्रकार दिसला की आधी फायरवॉलचाच संशय घ्या.

आणखी एक छोटी गोष्ट. माउंट करताना अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे माउंटचे पर्याय, एचएलक्यूच्या नंतर स्वल्पविराम देऊन लिहितात आणि त्यात कंस येतात. सबंध तुकडा अवतरणात टाकला नाही तर कंसाचा अर्थ शेल स्वतःच्या पद्धतीने लावतं आणि भलताच एरर देतं. आणि झेड/ओएसवरची युनिक्स डिरेक्टरी हवी असेल तर पाथच्या आधी 'एचएफएस' हा प्रीफिक्स लागतो. तो विसरलात तर सर्व्हर त्या नावाचा एचएलक्यू शोधायला जातो.

दुसरी तपासणी: एमव्हीएसलॉगिन जिवंत आहे का

जेवणानंतरच्या 'परमिशन डिनाइड'चं उत्तर इथे मिळतं. रूटने माउंट केलं म्हणून सगळ्यांना दार उघडलं असं होत नाही. सर्व्हरची सुरक्षा सॅफ किंवा सॅफएक्सपी या प्रकारची (अधिकार मेनफ्रेमच्या सुरक्षा यंत्रणेला विचारणारी) असेल तर प्रत्येक वापरणाऱ्याने एमव्हीएसलॉगिन चालवून आपला मेनफ्रेमचा युजर आयडी आणि पासवर्ड द्यावा लागतो. सर्व्हर क्लायंटचा आयपी पत्ता आणि युनिक्सचा युआयडी (वापरणाऱ्याचा क्रमांक) ही जोडी त्या आयडीशी बांधतो आणि पुढची प्रत्येक विनंती रॅकएफ या मेनफ्रेमच्या सुरक्षा प्रणालीकडून तपासून घेतो.

ही गाठ कायमची नसते. मूळ सेटिंगमध्ये १८०० सेकंद काही हालचाल झाली नाही की ती सुटते. म्हणजे अर्धा तास. जेवायला तेवढा लागतोच. परत एमव्हीएसलॉगिन चालवा, काम होतं.

ते चालवूनही होत नसेल तर तीन गोष्टी बघा. एक, तुम्ही ज्या युआयडीने लॉगिन केलंत त्याच युआयडीने काम करताय ना? क्रॉनमधला (ठरल्या वेळी आपोआप चालणारा) जॉब वेगळ्या युजरखाली चालतो आणि त्याने लॉगिन केलेलंच नसतं. दोन, एकाच सामाईक युनिक्स खात्यातून दोन माणसांनी दोन वेगळ्या मेनफ्रेम आयडींनी लॉगिन केलं तर शेवटचं लॉगिन चालतं. पहिल्या माणसाचे अधिकार न सांगता बदललेले असतात. तीन, क्लायंटला दोन नेटवर्क कार्डं असतील तर लॉगिन एका पत्त्यावरून आणि फाइलींची रहदारी दुसऱ्या पत्त्यावरून जाऊ शकते. लॉगिन 'यशस्वी' म्हणतं आणि फाइल नकार देते. हा प्रकार सापडायला मला एकदा पूर्ण दुपार लागली होती.

इथलं थांबण्याचं ठिकाण पक्कं आहे. एमव्हीएसलॉगिनमध्ये पासवर्ड दोनदा चुकला की हात काढा. ठरलेल्या संख्येइतके चुकीचे प्रयत्न झाले की रॅकएफ आयडी रिव्होक करतं, म्हणजे बंद पाडतं, आणि मग त्याच आयडीवर चालणारी बाकीची कामंही बसतात. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून लूपमध्ये पुन्हा पुन्हा लॉगिन करायची कल्पना कोणी काढली तर त्याला तिथेच अडवा.

तिसरी: काढा आणि परत लावा

'स्टेल फाइल हँडल' आलं, म्हणजे सर्व्हरने फाइलसाठी दिलेली खूण शिळी झाली, की अनमाउंट करून परत माउंट करणं हाच उपाय. 'बिझी' म्हणत असेल तर कोणाचा तरी शेल त्या डिरेक्टरीत उभा आहे. त्याला बाहेर काढा. नाहीच जमलं तर लिनक्सवर 'यूमाउंट -एल' आहे.

पण सोमवारीच का? हा प्रश्न मला बरेच महिने छळत होता. उत्तर सर्व्हरच्या 'रेसटाइमआउट' या साइट अ‍ॅट्रिब्यूटमध्ये निघालं. त्याला दोन आकडे असतात: किती तास न वापरलेलं माउंट झाडून टाकायचं आणि दिवसातल्या कुठल्या तासाला झाडू मारायचा. मूळ मूल्यं ४८ आणि ०. शुक्रवारी संध्याकाळी सहाला शेवटचा माणूस घरी गेला. रविवारी संध्याकाळी सहाला ४८ तास भरले. त्या मध्यरात्री सर्व्हरने माउंट पॉइंट पुसला. क्लायंटला काहीच पत्ता नाही, तो जुनंच हँडल घेऊन सोमवारी दारात उभा. हे कळल्यावर सिस्टिम प्रोग्रामरकडून (मेनफ्रेमची सिस्टिम सांभाळणाऱ्याकडून) तासांचा आकडा वाढवून घेतला की दर सोमवारची कटकट संपते. आकडा तुम्ही स्वतः बदलायचा नाही. ती सर्व्हरची सामाईक सेटिंग आहे.

याच ओघात एक सावधगिरी. टर्मिनल लटकतं म्हणून हार्ड माउंट सॉफ्ट करायचा मोह होतो. वाचण्यापुरतं चालेल. लिहीत असाल तर करू नका. सॉफ्ट माउंट वाट बघून कंटाळलं की प्रोग्रामला एरर देऊन मोकळं होतं, आणि तो एरर न बघणारे प्रोग्राम अर्धीच फाइल ठेवून 'झालं' म्हणतात.

चौथी: टेक्स्ट की बायनरी

इथे जरा थांबून वाचा, कारण खरं नुकसान इथेच होतं.

मेनफ्रेमवर मजकूर एब्सिडिक या अक्षरसंकेतात असतो. 'टोटल' हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत तिथे ई३ डी६ ई३ सी१ डी३ असा साठवला जातो. युनिक्सच्या अ‍ॅस्कीत तोच ५४ ४एफ ५४ ४१ ४सी. टेक्स्ट म्हणून माउंट केलं तर सर्व्हर हे भाषांतर करतो आणि प्रत्येक रेकॉर्डच्या शेवटी नवी ओळ घालतो, कारण रेकॉर्डमध्ये ओळ संपल्याची खूण मुळात नसतेच. बायनरी माउंटमध्ये बाइट जसेच्या तसे येतात. एब्सिडिकमधली मोकळी जागा म्हणजे हेक्स ४० आणि अ‍ॅस्कीत ४० म्हणजे '@'. म्हणून ८० अक्षरांच्या रेकॉर्डमध्ये उरलेली जागा '@' च्या रांगा होऊन दिसते. 'ओडी' ला हेक्सचा पर्याय देऊन पहिले दोनशे बाइट बघा. ४० ४० ४० दिसले तर फाइल धड आहे, माउंट चुकीचं आहे. टेक्स्टने परत लावा.

उलटा प्रकार मात्र गुपचूप घात करतो. फाइलमध्ये पॅक्ड डेसिमल, म्हणजे कोबॉलच्या भाषेत कॉम्प-३ रकाने असतील आणि ती टेक्स्ट माउंटवरून वाचली तर काय होतं बघा. रक्कम आहे अधिक १२३४५. पॅक्ड रूपात ती तीन बाइटांत बसते: १२ ३४ ५सी. शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह. सर्व्हरला हे आकडे आहेत हे माहीत नाही, तो प्रत्येक बाइटला अक्षर समजून लॅटिन-१ मध्ये बदलतो. १२ चा १२ च राहतो. ३४ चा होतो ९४. ५सी म्हणजे एब्सिडिकमधला तारा, त्याचा होतो २ए. हातात आलं १२ ९४ २ए. आता पॅक्ड डेसिमलमध्ये 'ए' हेसुद्धा वैध अधिक चिन्ह आहे. म्हणजे पुढचा प्रोग्राम बिनतक्रार वाचतो: अधिक १२९४२. एरर नाही, अ‍ॅबेंड (प्रोग्राम कोसळणं) नाही. १२३४५ चे १२९४२ झाले आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून नियम साधा ठेवा. रेकॉर्डमध्ये एकही पॅक्ड किंवा बायनरी रकाना असेल तर बायनरी माउंट, आणि भाषांतर रकान्यागणिक आपल्या प्रोग्रामात. कॉपीबुक, म्हणजे रेकॉर्डमधल्या रकान्यांची मांडणी सांगणारी कोबॉलची फाइल, बघितल्याशिवाय टेक्स्ट म्हणू नका. असा चुकीचा आकडा मेनफ्रेमवर परत लिहिला गेल्याचा संशय आला तर तिथेच थांबा. पुन्हा उलट भाषांतर करून दुरुस्ती करायला जाऊ नका, त्या डेटाच्या मालकाला आणि बॅकअप सांभाळणाऱ्याला बोलवा.

चौकटी कंसांचं दुखणं याच घरातलं, पण सौम्य. एब्सिडिकचे वेगवेगळे तक्ते असतात, त्यांना कोड पेज म्हणतात. कोड पेज १०४७ मध्ये उघडणारा चौकटी कंस एडी असतो आणि बंद होणारा बीडी. कोड पेज ०३७ मध्ये तेच बीए आणि बीबी. सी भाषेच्या सोर्समध्ये कंसाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला वाय दिसला तर फाइल १०४७ मध्ये आहे आणि सर्व्हर ०३७ समजून वाचतोय. माउंट करताना सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडचे सीसीएसआयडी (कोड पेजचे क्रमांक) स्पष्ट द्या. मात्र यूटीएफ-८ मधलं एकाहून जास्त बाइटांचं अक्षर एकबाइटी तक्त्यातून धड जाणार नाही, तशा फाइली बायनरीच ठेवा.

ओळीच्या शेवटी कंट्रोल-एम (^M) दिसत असेल तर माउंटला 'सीआरएलएफ' लागलंय. 'एलएफ' करा.

पाचवी: नाव आणि एडिटर

डेटासेटच्या नावाचा प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ८ अक्षरांचा, सगळं नाव ४४ चं, मेंबरचं नाव ८ चं, सुरुवात आकड्याने नाही. युनिक्सची हत्यारं हे पाळत नाहीत. व्हिम शेवटी तरंगचिन्ह (~) असलेली बॅकअप फाइल आणि टिंबाने सुरू होणारी स्वॅप फाइल करायला बघतं. 'सेड -आय' त्याच डिरेक्टरीत 'सेड' आणि पुढे सहा अक्षरं अशी नऊ अक्षरी तात्पुरती फाइल बनवतं. नऊ म्हणजे एक जास्त. एरर मात्र असा येतो की वाटावं डिस्कच मेली.

माझी सवय अशी: फाइल लोकल डिस्कवर आणायची, तिथे हवी तशी बदलायची, मग 'सीपी'ने जुन्याच नावावर परत टाकायची. 'सीपी'च, 'एमव्ही' नाही. 'सीपी' आहे तो डेटासेट उघडून त्यात लिहितं, त्याचे गुण टिकतात. 'एमव्ही' जुना उडवून नवा बनवतं. आणि नव्या डेटासेटला सर्व्हरचे मूळ गुण लागतात, ते बदललेले नसतील तर रेकएफएम (रेकॉर्डचा प्रकार) व्हीबी, म्हणजे बदलत्या लांबीचा, आणि एलरेकल (रेकॉर्डची लांबी) ८१९६. कोबॉल प्रोग्राम एफबी ८० ची, म्हणजे ८० बाइटांच्या ठरावीक रेकॉर्डांची, वाट बघत असतो. त्याला फाइल स्टेटस ३९ मिळतं आणि शिव्या नेटवर्कला पडतात. नवीनच फाइल बनवायची असेल तर माउंट करताना किंवा फाइलच्या नावानंतर स्वल्पविराम देऊन रेकएफएम, एलरेकल आणि जागा लिहा.

एफबी ८० मध्ये ८१ अक्षरांची ओळ लिहायला गेलात तरी इनपुट/आउटपुट एररच येतो. पाठवायच्या आधी 'ऑक'ने सगळ्यांत लांब ओळ मोजा.

सहावी: एलएस का थिजतं

युनिक्स फाइलची लांबी बाइटांत मागतं. मेनफ्रेमला ती माहीत नसते. टेक्स्टमध्ये शेवटच्या मोकळ्या जागा गाळल्या, ओळींच्या खुणा घातल्या की किती बाइट होतील हे सगळी फाइल वाचल्याशिवाय सांगता येत नाही, आणि 'एलएस -एल' तर हे प्रत्येक मेंबरसाठी विचारतं. हजार मेंबरच्या पीडीएसवर सर्व्हर हजार मेंबर वाचत बसतो.

'फास्टफाइलसाइझ' दिलं की सर्व्हर अंदाजे आकडा देऊन सुटका करतो. यादी बघायला हे छान. पण लांबीवर विसंबून कॉपी करणारी हत्यारं या अंदाजाने फसू शकतात, म्हणून खऱ्या हस्तांतरासाठी 'नोफास्टफाइलसाइझ' असलेलं वेगळं माउंट ठेवा. आणि सबंध एचएलक्यू माउंट करू नका. त्यापुढचा एखादा क्वालिफायर जोडून लहान तुकडा माउंट केला तर यादीच लहान होते. नुसतं 'एलएस' हवं असताना सवयीने '-एल' देऊ नका, हेही आलंच.

फाइलच्या वेळेवर 'मेक' (फाइल बदलल्याची वेळ बघून काय परत बनवायचं ते ठरवणारं हत्यार) सोडू नका, हेही जाता जाता. साध्या डेटासेटच्या नोंदीत तारीख असते, युनिक्सला हवा तसा सेकंदापर्यंतचा काटा नसतो.

एखादीच फाइल उघडताना लटकत असेल तर ती एचएसएमने, म्हणजे न वापरलेले डेटासेट दुसरीकडे हलवणाऱ्या मेनफ्रेमच्या प्रणालीने, स्थलांतरित केलेली असेल. मेनफ्रेमच्या यादीत तिच्या व्हॉल्यूमच्या जागी 'मायग्रॅट' दिसतं. ती उघडली की रिकॉल (परत आणणं) सुरू होतो, आणि टेपवर गेली असेल तर वेळ लागतो. रिट्रीव्हला 'वेट' लावलं असेल तर तुम्ही ताटकळता, 'नोवेट' असेल तर एरर येतो आणि थोड्या वेळाने परत प्रयत्न करायचा असतो. माझ्या एका सहकाऱ्याने पूर्ण एचएलक्यूवर 'ग्रेप -आर' सोडलं होतं. एका शब्दाच्या शोधात कित्येक वर्षांपूर्वी झोपवलेले डेटासेट एकेक करून उठायला लागले. स्टोरेजवाल्यांचा फोन आमच्याकडे यायला फार वेळ लागला नाही. शोध घ्यायचाच तर 'नोरिट्रीव्ह' लावून माउंट करा.

सातवी: डेटासेट कोणीतरी धरून ठेवलाय

इथून पुढे टीएसओ आयडी (मेनफ्रेमवर थेट लॉगिन करायचा) लागेल. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला शेजारी बसवा.

युनिक्सवर दोघं एकच फाइल उघडतात आणि कोणी भांडत नाही. मेनफ्रेमवर डेटासेट उघडणारा त्याच्या नावावर एनक्यू (एक प्रकारचं कुलूप) घेतो. कोणी आयएसपीएफमध्ये (मेनफ्रेमच्या एडिटरमध्ये) मेंबर एडिट करत बसला असेल तर तुमचं लिहिणं नाकारलं जातं. जुन्या पीडीएसमध्ये एका वेळी एकाच मेंबरमध्ये लिहिता येतं, तेव्हा समांतर 'सीपी' चालवलेत तर एक जातो, बाकीचे आपटतात. पीडीएसई (पीडीएसचा सुधारित प्रकार) घ्या किंवा एकामागून एक पाठवा.

उलट बाजूनेही हेच होतं. एनएफएसला 'फाइल बंद केली' हे आवृत्ती ३ मध्ये कळतच नाही, तसा निरोपच त्या प्रोटोकॉलमध्ये नाही. म्हणून सर्व्हर शेवटच्या लिखाणानंतर काही सेकंद वाट बघून डेटासेट सोडतो. राइटटाइमआउट आणि रीडटाइमआउट ही ती मुदत. तुमचं 'सीपी' संपलं आणि पुढच्याच सेकंदाला जॉब सबमिट केलात तर त्याला आयईएफ०९९आय हा संदेश मिळतो, डेटासेटसाठी थांबलोय म्हणून. उपाय गंमत वाटावा इतका साधा: मुदतीहून थोडा जास्त 'स्लीप' घाला. ऑपरेटरकडे असाल तर 'डी जीआरएस' कमांडमध्ये एसवायएसडीएसएन आणि डेटासेटचं नाव दिलं की धरणारा कोण ते दिसतं. तो एनएफएसचा टास्क असेल तर वाट बघा. दुसऱ्याचा जॉब असेल तर तो कॅन्सल करायचा अधिकार तुमचा नाही, कितीही घाई असली तरी.

आठवी: जागा

'डीएफ'चा आकडा इथे निरर्थक आहे. विखुरलेल्या डेटासेटांच्या गठ्ठ्याला 'शिल्लक जागा' असा एक आकडा नसतोच. बघायचं ते त्या एका डेटासेटकडे: प्रायमरी (सुरुवातीची जागा) किती, सेकंडरी (नंतर वाढवून मिळणारी) किती, किती एक्स्टेंट (जागेचे सलग तुकडे) झाले. साध्या सीक्वेन्शियल डेटासेटला एका व्हॉल्यूमवर १६ एक्स्टेंट मिळतात, ते संपले की संपलं. मेनफ्रेमच्या लॉगमध्ये बी३७, डी३७ किंवा ई३७ यांपैकी काही दिसेल. डी३७ म्हणजे बहुधा सेकंडरी जागा मागितलेलीच नाही.

पीडीएसची तऱ्हा निराळी. मेंबर बदलला की जुनी प्रत आतच मेलेली पडून राहते, आणि कॉम्प्रेस केल्याशिवाय ती जागा परत मिळत नाही. डिरेक्टरीचे ब्लॉकही वेगळे भरतात. २५६ बाइटांच्या एका ब्लॉकमध्ये आयएसपीएफच्या आकडेवारीसकट सहाच मेंबरच्या नोंदी बसतात. दुसरं कोणी वापरत असताना कॉम्प्रेस करू नका आणि बॅकअपशिवाय तर नाहीच. कॉम्प्रेस मध्येच तुटलं तर पीडीएस हातची जाते.

नववी: मोठी फाइल मध्येच तुटते

लहान फाइली जातात, मोठी फाइल लिहिताना ठरावीक नसलेल्या जागी इनपुट/आउटपुट एरर येतो, जागा भरपूर आहे. हे ओळखीचं वाटत असेल तर कारण बहुधा क्रमाचं आहे. युनिक्स क्लायंट लिखाणाचे तुकडे एकाच वेळी अनेक वाटांनी पाठवतं, ते पुढेमागे पोचतात. मेनफ्रेमला रेकॉर्ड एकामागून एकच लिहायचे असतात. सर्व्हर पुढचे तुकडे काही काळ साठवून मधल्या तुकड्याची वाट बघतो. ते साठवण 'कॅशविंडो' ठरवतं. ते भरलं आणि मधला तुकडा आलाच नाही की सर्व्हर हात टेकतो. तुमच्या बाजूने टीसीपी वापरा, यूडीपी नको, आणि एका वेळी एकच मोठी फाइल पाठवा. तेवढ्यानेही न सुटल्यास सर्व्हरची सेटिंग बदलावी लागेल.

सिस्टिम प्रोग्रामरला कधी बोलवायचं

मेनफ्रेमच्या लॉगमध्ये जीएफएसए ने सुरू होणारे संदेश एनएफएस सर्व्हरचे असतात. त्यात एरर दिसला, किंवा आयसीएच४०८आय दिसला, म्हणजे रॅकएफने अधिकार नाकारला, तर तुमचं काम संपलं. डेटासेटचा अधिकार सुरक्षा प्रशासक देतो. 'तात्पुरतं' म्हणून सर्व्हरची सुरक्षा 'नन' करायला कोणी सुचवलं तर ऐकू नका. त्या क्षणी सगळ्यांचे डेटासेट सगळ्यांना उघडे होतात.

सर्व्हर बंद-चालू करणं, माउंट हँडलचे डेटासेट रिकामे करणं, साइट अ‍ॅट्रिब्यूट बदलणं, ही कामंही त्यांचीच. हँडल पुसलं की तुमचा एक स्टेल सुटेल आणि बाकीच्या सगळ्या क्लायंटवर नवे उगवतील. व्हीसॅम फाइल (मेनफ्रेमचा किल्लीने शोधता येणारा डेटासेट वगैरे) सीआयसीएसखाली (ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या प्रणालीखाली) उघडी असताना तिच्यात युनिक्सवरून लिहायचा प्रयत्न तर करूच नका, थेट फोन करा.

फोन करताना हे हाताशी ठेवा: बिघाडाची वेळ सेकंदासकट आणि कुठल्या टाइमझोनमधली ते, पूर्ण डेटासेटचं आणि मेंबरचं नाव, क्लायंटचा आयपी पत्ता, युआयडी, एमव्हीएसलॉगिनमध्ये वापरलेला आयडी (पासवर्ड नव्हे), माउंटचे सगळे पर्याय जसेच्या तसे, आणि आलेला एरर शब्दशः. टाइमझोन मुद्दाम सांगतोय. मेनफ्रेमचा लॉग स्थानिक वेळेत आणि युनिक्सचा लॉग यूटीसीत असेल, तर दोघं वेगवेगळ्या तासांचे लॉग वाचत एकमेकांना 'माझ्याकडे काहीच नाही' म्हणत राहतात.